एकास पस्तीस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी थोरांचे खरे बैल मिरवून झालेले असतात. हा दिवस मुलांचा असतो. चाके लावलेल्या पाटावर उभा असलेला लाकडी नंदी, त्याच्या पाठीवर रंगीत झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरांची माळ, असा थाट करून मुले आपापला बैल दोरीने ओढीत घरोघर नेतात आणि बोजारा मिळवितात. ह्या नंदीकडे एकदा बारकाईने पाहा. खऱ्या बैलाच्या मानाने त्याचे वशिंड उंच असते, शिंगे लांब असतात, पाय मात्र आखूड आणि जाड असतात. सुतारास बैल ठाऊक नसतो असे नव्हे. बैलाचे जे रूप लोकांस आवडते ते त्याने मोठे केलेले असते, आणि जे भाग बारीक केले असता मोडतील ते मुद्दाम जाड ठेवलेले असतात. खेळण्यास हे सारे शोभते.

लहान वस्तू घडविण्याची दुसरीही एक रीत आहे. त्या रीतीने घडविलेल्या वस्तूस प्रतिकृती म्हणतात. तिचा नियम एकच आहे, पण तो फार कडक आहे. मूळ वस्तूचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान करावयाचा. लांबी पस्तीस पटींनी कमी केली, तर रुंदी, उंची, चाकाचा व्यास, इतकेच काय, झाकणाच्या कडीची जाडीसुद्धा पस्तीस पटींनीच कमी झाली पाहिजे. ह्यास 'एकास पस्तीस' असे प्रमाण म्हणतात. मुळातील पस्तीस सेंटीमीटर म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटीमीटर.

रणगाड्यांच्या प्रतिकृती जगात बहुधा ह्याच प्रमाणात केल्या जातात. हा आकडा कोणा गणितज्ञाने विचारपूर्वक ठरविला असेल, असे तुम्हांस वाटेल; पण तसे झालेले नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानातील शिझुओका येथील तामिया ह्या कारखान्याने 'पँथर' नावाच्या जर्मन रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच तयार केला. तो विजेच्या मोटारीवर चालावयाचा होता. म्हणून मोटार आणि दोन सेल पोटात मावतील, एवढे त्याचे धड ठेवण्यात आले. मागाहून मोजून पाहिले तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतके भरले! सेलांच्या आकारातून निघालेले हे माप पुढे सर्वत्र रूढ झाले.

'रणगाडा' हा मराठी शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत ह्या वाहनास 'टँक', म्हणजे टाकी म्हणतात. पहिल्या महायुद्धात ही वाहने गुप्तपणे तयार होत असता, पाण्याच्या टाक्या बनत आहेत अशी बतावणी ब्रिटिशांनी केली होती, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या रणक्षेत्रात ती प्रथम उतरली तेव्हा तेच नाव त्यांस चिकटले. मराठीने बतावणी बाजूला सारून त्यातील गाडा ओळखला.

आता एका विशिष्ट रणगाड्याची प्रतिकृती कशी करतात ते पाहू. त्याची जात 'सेंच्युरियन'. दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ साली, इंग्लंडमध्ये तो तयार झाला आणि पुढे भारतीय सैन्यात दाखल झाला. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर ह्यांनी 'पूना हॉर्स' ह्या पलटणीचे सेंच्युरियन रणगाडे फिलोरा आणि चविंडा येथील लढायांत चालविले व तेथेच वीरमरण पत्करले. ही पलटण मुळात घोडदळाची होती. १८१७ साली पुण्यास उभारलेल्या फौजेपासून तिचा इतिहास सुरू होतो. घोडे जाऊन रणगाडे आले, तरी तिच्या शिपायास आजही 'सवार' असेच म्हणतात. ह्याच पलटणीतील एका सेंच्युरियनचे नाव होते 'फामागुस्ता'. हे नाव सायप्रस बेटावरील एका शहराचे आहे. तो रणगाडा आता अहिल्यानगर येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जतन करून ठेवला आहे. त्याच शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे एक संग्रहालयही आहे. पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखले जाणारे ते शहर यवतमाळहून फार दूर आहे. परंतु प्रतिकृती करणाऱ्यास आरंभी छायाचित्रे आणि मापे पुरेशी होतात.

प्रथम मापे घेऊ. तोफेच्या टोकापासून मागील टोकापर्यंत सेंच्युरियनची लांबी सुमारे ९.८ मीटर, रुंदी सुमारे ३.४ मीटर आणि उंची सुमारे ३ मीटर असते. ह्या प्रत्येकास ३५ ने भागा. लांबी २८ सेंटीमीटर येईल, रुंदी पावणेदहा सेंटीमीटरांच्या आसपास आणि उंची साडेआठ सेंटीमीटरांहून थोडी अधिक. तुमच्या वर्गातील बाकावर तो सहज मावेल. बुरुजाच्या दर्शनी भागाचे पोलाद १५ सेंटीमीटर जाड असते; त्याची जाडी प्रतिकृतीत चार मिलिमीटरांहून किंचित जास्त होईल.

वजनाचे गणित मात्र निराळे आहे, आणि पुष्कळ मुले तेथे फसतात. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५१ टन. त्यास ३५ ने भागले तर जवळजवळ दीड टन उत्तर येईल, आणि बाकावर दीड टनाची वस्तू ठेवण्याची कल्पनाच हास्यास्पद आहे. लांबी, रुंदी आणि उंची ह्या तिन्ही ३५ पटींनी घटल्या, म्हणून वजनास ३५ ने तीनदा भागले पाहिजे. ३५ × ३५ × ३५ म्हणजे ४२,८७५. ५१ टनांचे किलोग्रॅम करून त्यास ह्या संख्येने भागा. उत्तर सव्वा किलोग्रॅमच्या आत येते. म्हणजे त्याच पोलादाची, आतून बाहेरून हुबेहूब प्रतिकृती केली, तरी ती दोन्ही हातांनी सहज उचलता येईल. प्लॅस्टिकची आणि आतून पोकळ असलेली प्रतिकृती अर्थातच त्याहून पुष्कळ हलकी भरते.

एवढे अवजड वाहन शेतात रुतत कसे नाही? पावसाळ्यात काळ्या जमिनीत बंडी रुतलेली तुम्ही पाहिली असेल. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते. साऱ्या ओझ्याचा भार बोटभर पट्टीवर येतो आणि चाक चिखलात शिरते. रणगाड्याची चाके जमिनीस टेकतच नाहीत. ती पोलादी दुव्यांच्या लांबरुंद पट्ट्यांवरून फिरतात. सेंच्युरियनचा हा पट्टा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. भार इतक्या मोठ्या क्षेत्रावर विभागल्यामुळे जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जेमतेम एक किलोग्रॅम वजन पडते. मोटारीचे चाक जमिनीवर सामान्यतः ह्याच्या दुपटीने दाब देते. हे एकदा समजले, म्हणजे प्रतिकृती करताना पट्ट्याकडे आपोआप अधिक लक्ष जाते.

संच उघडला की आत प्लॅस्टिकच्या चौकटी दिसतात. झाडाच्या फांद्यांस फळे लागावीत, तसे सुटे भाग त्या चौकटींस लागलेले असतात. ते ओढून तोडू नयेत. लहान कातरीने थोडा देठ राखून कापावेत व उरलेला देठ कानशीने घासून काढावा. सुरी वापरावयाची असल्यास घरातील मोठे माणूस जवळ असावे. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी नुसता बसवून पाहावा. अडत असेल तेथे घासावे. प्लॅस्टिकसाठी जो विशेष द्रव मिळतो तो डिंकासारखा चिकटत नाही. तो दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि सुकल्यावर ते तुकडे एकजीव होतात. म्हणूनच एकदा चुकीचा बसलेला भाग पुन्हा निघत नाही. ह्या द्रवाची वाफ आरोग्यास चांगली नसते; काम खिडकीजवळ किंवा ओसरीवर करावे.

सर्वांत कंटाळवाणे काम चाकांचे. सेंच्युरियनला दोन्ही बाजूंस सहा सहा चाके असतात आणि प्रत्येक चाक दोन तबकड्यांचे असते. म्हणजे चोवीस तबकड्या कापावयाच्या, घासावयाच्या आणि जोडावयाच्या. येथे अनेकांचा धीर सुटतो. शिवाय चाकांचा वरचा भाग पोलादी पत्र्यांनी झाकला जातो, तेव्हा कोण पाहणार आहे, असा विचार मनात येतो. पत्र्याआडची चाके कोणी पाहत नाही हे खरे. परंतु त्यांपैकी एक जरी वर उचललेले राहिले, तरी रणगाडा सपाट बसत नाही आणि पट्टा जमिनीपासून सुटलेला दिसतो. धड पुरे झाले की काचेच्या तुकड्यावर ठेवून बाराही चाके टेकतात का, ते पाहावे.

बुरूज करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेंच्युरियनचे धड पोलादी पत्रे सांधून केलेले आहे, पण बुरुजाचा मुख्य भाग ओतीव आहे. ओतीव पोलाद गुळगुळीत नसते. त्यावर हात फिरविला तर बारीक खडबडीतपणा जाणवतो. संचातील प्लॅस्टिक मात्र गुळगुळीत असते. त्यावर चिकटविण्याचा द्रव पातळ पसरावा आणि तो ओला असताना जुन्या, राठ कुंचल्याने हलके ठोकावे. पृष्ठभागास ओतिवाची कांती येते. सेंच्युरियनचे प्रकारही पुष्कळ झाले. संच ज्या प्रकाराचा आहे तोच पूना हॉर्सकडे होता असे गृहीत धरू नये. प्रत्येक पेटी, प्रत्येक झाकण छायाचित्राशी ताडून पाहावे.

बुरुजावर झाकणे बसविण्याची वेळ आली, की आत कोण बसत असे ते जाणून घेतले पाहिजे. रणगाड्यात चौघे असतात. चालक पुढे, धडात. बुरुजात तोफ झाडणारा, त्याच्या पाठीशी नायक, आणि दुसऱ्या बाजूस तोफेत गोळे भरणारा. बिनतारी यंत्रही तोच सांभाळतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ह्या प्रमाणात केवळ पाच सेंटीमीटरांचा होतो. तेवढी एक बाहुली कागदाची कापून पोकळ बुरुजात ठेवून पाहा, आणि मग तिच्याशेजारी आणखी दोन. तोफेचा मागील भाग व गोळ्यांचा साठा ह्यांना जागा दिल्यावर माणसांसाठी किती थोडी जागा उरते, ते तेव्हाच उमगते.

'फामागुस्ता'चे नायक होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म पुण्यास १४ ऑक्टोबर १९५० रोजी झाला. जून १९७१ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि सहा महिन्यांतच युद्ध पेटले. रावीस मिळणाऱ्या बसंतर नदीपलीकडे, शकरगढ भागात, आपल्या पायदळाने ठाणे मिळविले होते. परंतु वाटेत शत्रूने सुरुंग पेरून ठेवले होते आणि ते काढण्याचे काम अर्धेच झाले होते. पायदळास मदत तातडीने हवी होती. तेव्हा पूना हॉर्सचे रणगाडे अर्धवट मोकळ्या झालेल्या त्या सुरुंगक्षेत्रातून पार गेले. १६ डिसेंबर १९७१ रोजी जरपाल गावाजवळ शत्रूच्या रणगाड्यांनी जोराचा प्रतिहल्ला केला. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. त्यांपैकी चार खेत्रपालांचे. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यास गोळा लागून आग लागली. वरिष्ठांनी बिनतारी यंत्रावरून रणगाडा सोडून देण्यास सांगितले. आपली तोफ अजून चालू आहे, तेव्हा आपण मागे फिरणार नाही, असे त्यांनी कळविले. थोड्याच वेळात दुसरा गोळा लागला. खेत्रपाल आणि सवार नंदसिंग धारातीर्थी पडले. तोफ झाडणारे नथुसिंग आणि चालक प्रयागसिंग बचावले. त्याच दिवशी ढाक्यास पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. खेत्रपालांचे वय होते एकवीस. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

रंगकाम आता सुरू करावे. जोडलेली प्रतिकृती प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, कारण साच्यातून काढताना तिला तेलकटपणा लागलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग अस्तराचा एक पातळ हात द्यावा आणि तो वाळल्यावर लष्करी हिरवा रंग. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर चांगले. जाड रंगाखाली स्क्रूची डोकी बुजून जातात. हिरवा रंग मूळ रंगापेक्षा किंचित फिका करून घ्यावा. दूरचा डोंगर जवळच्या डोंगरापेक्षा फिका दिसतो, तसेच हे आहे. एक मीटरवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे पस्तीस मीटरांवरून पाहिलेला रणगाडा होय. त्यानंतर अतिशय पातळ काळपट रंग सांध्यांतून वाहू द्यावा, म्हणजे खाचा खोल दिसतात. आणि जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा, म्हणजे कडा उठून दिसतात. नाव आणि क्रमांक ह्यांची चित्रे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून बसवितात. 'फामागुस्ता' हे नाव बहुधा संचात मिळणार नाही. ते बारीक कुंचल्याने हातानेच लिहावे लागेल.

जुनेपणा आणण्याच्या भरात पुष्कळजण सारा रणगाडा गंजलेला रंगवितात. हे मला पटत नाही. वापरात असलेल्या रणगाड्यास रोज हात लागतो. त्यावर धूळ बसते, पण गंज असा सर्वभर चढत नाही. पट्ट्यांचे जे भाग जमिनीवर घासतात ते तर चांदीसारखे लखलखतात. गोळ्यांची भोके पाडावीत की नाही, असाही प्रश्न मुले विचारतात. ती कोठे पडली आणि केवढी होती, हे छायाचित्रावरून निश्चित दिसत असेल तर पाडावीत. नाही तर आपल्या कल्पनेने एकही पाडू नये. मी स्वतः १६ डिसेंबरच्या सकाळचा, अजून गोळा न लागलेला 'फामागुस्ता' निवडीन.

उरली ती माती. यवतमाळच्या मुलास वाटते, आपल्या शेतातली मूठभर काळी माती घेऊन ती पट्ट्यांस लावावी. ती जवळ आहे, फुकट आहे आणि दिसतेही छान. परंतु बसंतरच्या काठी काळी माती नाही. तो नद्यांनी आणून पसरलेल्या गाळाचा प्रदेश आहे. तेथील माती फिकट, करड्या-तपकिरी रंगाची असते. कपाशीची काळी माती लावलेला 'फामागुस्ता' वणी-पांढरकवड्याच्या शिवारातून आला असे म्हणावे लागेल, आणि तेथे तो कधीच आला नव्हता. तेव्हा नदीकाठचा फिकट गाळ आणावा, नीट वाळवावा, वाटावा आणि मलमलीतून दोनदा गाळावा. गाळल्याशिवाय चालणार नाही. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण ह्या प्रमाणात पावणेदोन सेंटीमीटरांचा खडा होतो, आणि पट्टाभर तेवढे खडे चिकटलेला रणगाडा विचित्र दिसतो. गाळलेली पूड पाणी व थोडा डिंक ह्यांत कालवून पट्ट्यांवर आणि खालच्या पत्र्यांवर लावावी, वर नको.

सैन्यात लढाईपूर्वी वाळूत त्या प्रदेशाचा लहानसा आराखडा करून अधिकारी आपापल्या माणसांस योजना समजावून सांगतात. तुम्हांसही तसे करता येईल. नोंदीप्रमाणे खेत्रपालांनी निकामी केलेला शेवटचा रणगाडा त्यांच्यापासून जेमतेम शंभर मीटरांवर होता. शंभर मीटरांचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे तीन मीटरांनाही कमी. घराच्या ओसरीवर एका टोकास प्रतिकृती ठेवा. दुसरीकडे, आठ पावले नव्हेत, चारच पावले मोजून एखादी आगपेटी ठेवा, आणि खाली वाकून प्रतिकृतीच्या बुरुजामागून त्या आगपेटीकडे पाहा.

शेवटी प्रतिकृती लाकडी फळीवर बसवावी. सागाची फळी मिळाल्यास उत्तम; यवतमाळात ती मिळण्यास अडचण पडू नये. फळीच्या दर्शनी बाजूस एक लहान पट्टी लावून तीवर सुवाच्य अक्षरांत लिहावे: सेंच्युरियन रणगाडा 'फामागुस्ता', पूना हॉर्स, जरपाल, १६ डिसेंबर १९७१, प्रमाण एकास पस्तीस. त्याखाली चौघांचीही नावे लिहावीत. खेत्रपाल, नंदसिंग, नथुसिंग, प्रयागसिंग. पट्टीवर जागा कमी पडली, तर अक्षर बारीक करावे.